भाऊंचं इंडोनेशिया

लग्नघरात पाऊल टाकलं की आमचे भाऊ आधी लाइट कमी करायला सांगत. ऐकणारा पहिल्यांदा गोंधळायचा. ज्याला व्हिडिओ काढायला बोलावलं तोच म्हणतोय, उजेड नको.

"तो हॅलोजन बंद करा बरं."

"काहून?"

"भिंत मरून राह्यली."

सगळे वळून भिंतीकडे पाहायचे. भिंत होती तशीच असायची.

रिसोडला धान्य बाजाराच्या रस्त्यावर भाऊंचा फोटो स्टुडिओ होता. तिथं मी काही वर्षं मिक्सिंगचं काम केलं. मिक्सिंग म्हणजे काढलेलं सगळं शूटिंग कापायचं, जोडायचं, त्यावर गाणी टाकायची आणि लग्नाची कॅसेट तयार करायची. कॅसेट जाऊन जमाना झाला, आम्ही पेनड्राइव्ह देत होतो, पण गिऱ्हाईक अजून कॅसेटच म्हणतं. मला बी.कॉम. नंतर दुसरं काही मिळालं नाही म्हणून मी तिथं बसले, आणि भाऊंना कापणारं माणूस मुळातच नको होतं म्हणून त्यांनी मला ठेवलं. मी नवीन होते, कापायला घाबरेन, असा त्यांचा हिशोब.

भाऊ उंच, काटकुळे. मान कायम डावीकडे कललेली. शर्टाच्या खिशात पेढ्याच्या डब्याचा पुठ्ठा असे. त्यात त्यांनी कात्रीनं एक आडवी चौकट कापली होती. त्या चौकटीतून ते सगळं पाहायचे. एसटी स्टँडवरच्या बस पाहायचे, चहाचा ग्लास पाहायचे, समोर बोलत बसलेलं गिऱ्हाईक पाहायचे. गिऱ्हाईक बुकिंगचं बोलता बोलता थांबायचं, तर भाऊ म्हणायचे, "तुमी बोला ना. तुमी अर्धेच यून राह्यले, पण बरोबर हाये."

हे सगळं इंडोनेशियामुळे झालं असं वहिनी सांगत. वहिनी म्हणजे भाऊंच्या बायको. स्टुडिओचा पुढचा अर्धा भाग त्यांचा. पासपोर्ट साइजचे फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. त्यांच्या भागात दोन ट्यूबलाइट लख्ख जळायच्या आणि घर त्यांच्यावर चालायचं. वहिनींना भुताचे सिनेमे आवडत. एका उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली, दुकानात कोणी नव्हतं, तर त्यांनी मोबाइलवर हिंदीत डब केलेला एक भुताचा सिनेमा लावला. तो निघाला इंडोनेशियाचा. भाऊ शेजारी पेंगत होते. सिनेमा संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्या खोलीत लाइट कुठून येत व्हता?"

"भुताचा असन," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी तोच सिनेमा आवाज बंद करून पुन्हा पाहिला. मग डब केलेले सोडून मूळ भाषेतले शोधायला लागले. भाषा येत नव्हती, ती त्यांना नकोही होती. खाली इंग्रजी अक्षरं यायची त्यावर ते पुठ्ठा धरून बसत, फ्रेमचा खालचा भाग खराब होतो म्हणून. त्यामुळे त्यांनी पाहिलेल्या एकाही सिनेमाची गोष्ट त्यांना सांगता यायची नाही. पण कोणत्या सिनेमात खिडकीचे गज तोंडावर कसे पडले, कंदिलाचा उजेड भिंतीवर कुठपर्यंत गेला आणि कुठं दमला, हे ते तासभर सांगायचे.

मलाही त्यांनी पाहायला बसवलं. पडद्यावर एक जुनं घर. टेबलावर एक दिवा, बाकी सगळं तपकिरी. एक बाई भात वाढतेय.

"भूत कुठी हाये, सांग."

"अजून आलं नाही."

"आलं. मांगं पाय. पडद्याच्या बाजूले."

होतं. मागं, अंधारात, कधीपासून उभं होतं कोण जाणे.

"आपल्याइकडं असतं," भाऊ म्हणाले, "तं कॅमेरा धावत गेला असता. तीन बाजूनं त्याचं तोंड दाखवलं असतं, ढॅण ढॅण वाजवलं असतं. याईनं त्याले उभं राहू देलं. ज्याले दिसलं त्याले दिसलं."

सगळे सिनेमे भुताचे नव्हते. काही त्यांच्या शहरांतले असत. अरुंद गल्ल्या, ओले रस्ते, दुकानांच्या पाट्यांचा लाल-हिरवा उजेड तोंडावर घेऊन स्कूटरवर बसलेली पोरं. काही मारामारीचे असत, त्यात कॅमेरा माणसाच्या मागं मागं खोल्याखोल्यांतून जायचा आणि मध्ये कुठं कापलेलं दिसायचं नाही. त्या वेळी भाऊ माझ्याकडे पाहायचे. आणि काही त्यांच्या पूर्वेकडच्या बेटांवरचे. तिथं पाऊस कमी. नुसते पिवळ्या गवताचे डोंगर, वर भलं मोठं आभाळ आणि खाली घोड्यावर बसलेला एवढासा माणूस. तो फ्रेमच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत कॅमेरा हलायचा नाही.

"हे तं आपलं हाये," भाऊ म्हणाले. "इंझोरीकडं उन्हाळ्यात जाय. हेच गवत, हेच डोंगर. फक्त घोडा नाई."

घोडा मिळवणं अवघड नव्हतं. आमच्या ओळीतच एक चाचा होते, नवरदेवासाठी घोडी भाड्यानं द्यायचे. लग्नाआधीच्या फोटो-व्हिडिओसाठी, ज्याला आता सगळे प्रीवेडिंग म्हणतात, एक जोडपं आलं. त्यांना ड्रोन हवा होता, रंगीत धूर हवा होता, हळूहळू उडणारी ओढणी हवी होती. भाऊ "हाव, हाव" म्हणाले आणि दोघांना, चाचांना आणि घोडीला घेऊन माळावर गेले. मीही होते. भाऊंनी जोडप्याला लांब, एका पळसाखाली उभं केलं. इतकं लांब की त्यांना काही सांगायचं तर फोन करावा लागे. कॅमेऱ्याजवळ घोडी चरत होती. भाऊ पुठ्ठ्यातून पाहत होते आणि कॅमेरा चालूच होता.

चाचा म्हणाले, "भाऊ, इसको यहाँ की घास पसंद आ गई. अब ये हिलनेवाली नहीं."

"हालू नका देऊ," भाऊ म्हणाले.

चार दिवसांनी नवरदेव स्टुडिओत येऊन पडद्यासमोर बसला. बराच वेळ पाहिलं त्यानं.

"आमी कुठं हाओत यात?"

"हे काय. झाडाखाली."

"हे आमी हाओत का?"

"हाव."

"अन् ही घोडी कोनाची?"

भाऊंना हा प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "चाचाची."

त्या जोडप्याचं लग्न दुसऱ्या स्टुडिओनं काढलं. अशी कामं जायला लागली. वहिनी भांडत नसत. दुकानात कोणी विचारलं की सांगायच्या, "त्याईचं इंडोनेशिया हाये, माहे पासपोर्ट फोटो हाये. दोन्ही परदेशाचंच काम."

भाऊंना इंडोनेशियाच्या भाषेतले तीन शब्द येत. अंधाराला, पावसाला आणि आभारासाठी. गिऱ्हाईक जाताना ते "तेरिमा कासिह" म्हणायचे. बाजारातल्या एका अडत्याचा समज असा की भाऊ तिरुपतीला जाऊन आल्यापासून तेलुगू बोलतात. भाऊ तिरुपतीला गेले नव्हते. ते नागपूरच्या पलीकडं कुठंच गेले नव्हते आणि समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. मी एकदा विचारलं, कधी जावंसं वाटतं का तिकडं?

"कायले जाऊ? तिकडं गेलो तं त्याईचा कॅमेरा थोडीच राह्यते डोळ्यापुढं. आपलाच डोळा राह्यते."

आता आसेगावच्या लग्नाचं सांगते.

आसेगावच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न रिसोडच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाशी ठरलं. लग्न आसेगावला, घरासमोरच्या वावरात मांडव टाकून. एक कॅमेरा स्टेजसमोर होता. दुसरा भाऊंनी स्वयंपाकाच्या बाजूला ट्रायपॉडवर लावला आणि तसाच चालू सोडून दिला. तिथं आडोशाला एक सतरंजी टांगलेली होती. तिच्या कडेनं दारासारखी चौकट तयार झाली होती. अलीकडं भाताचं पातेलं, मग खुर्च्यांच्या रांगा, त्यापलीकडं ऊन. "भात उतरन तवा वाफ येईन," भाऊ मला म्हणाले, "अन् वाफंतून उजेड येईन. तू पायजो."

मी मिक्सिंगला बसले तेव्हा ते शूटिंग थोडं पाहिलं. पातेलं दिसत होतं. खुर्च्या दिसत होत्या. माणसं पाठमोरी आणि लहान. मी म्हटलं, हे कापते. भाऊ म्हणाले, कापू नको. मी ते बाजूला ठेवलं आणि स्टेजवरचं काम करायला घेतलं.

तेवढ्यात त्या दोन घरांत बिघडलं. नवरदेवाच्या वडिलांचे थोरले भाऊ होते. आमच्याकडे त्यांना मोठेबाबा म्हणतात. त्यांनी लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाचं हे पोरगं त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं, घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते लग्नातून न जेवता उठून गेले होते. त्यांचं म्हणणं असं, की मांडवात त्यांना कोणी पाण्यालाही विचारलं नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला ताट आणून दिलं आणि त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मुलीचे वडील म्हणत होते, मी स्वतः ताट घेऊन गेलो होतो. मोठेबाबा म्हणत होते, खोटं बोलतात. मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली ती तिथंच राहिली. तिला न्यायला रिसोडहून कोणी आलं नाही. नवरदेवाची मोठेबाबांपुढे बोलायची हिंमत नव्हती. तो बाजारात पोत्यांच्या आडोशाला जाऊन बायकोला फोन करायचा, हे आम्हाला दुकानातून दिसायचं.

एक दिवस तो आत आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तुमच्या कॅमेऱ्यात जेवणाचं काही हाये का?"

"जेवणाचं नाई," भाऊ म्हणाले. "वाफेचं हाये. पण त्यात खुर्च्या येतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आले. मोठेबाबा, नवरदेव, आसेगावचे ते वडील आणि मुलगी. मोठेबाबा पडद्यासमोर बसले. वडील दाराजवळ उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मुलगी वहिनींजवळ झेरॉक्स मशीनला टेकून उभी राहिली. नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं नाही. भाऊंनी शटर अर्धं खाली ओढलं आणि लाइट बंद केला.

"शॉट मोठा हाये," त्यांनी सांगितलं. "मधात बोलू नका."

बराच वेळ पडद्यावर पातेलंच होतं. आचारी आला, गेला. खूप मागं, रांगेच्या टोकाला, एका खुर्चीत मोठेबाबा बसलेले दिसले. पाठमोरे, बोटाएवढे. त्यांचं तोंड स्टेजकडे होतं. स्टेजवर त्या वेळी अंतरपाट धरलेला असणार, कारण मंगलाष्टकं ऐकू येत होती. मग भात उतरला. वाफ वर आली आणि मागचं ऊन तिच्यात अडकलं. सगळी चौकट सोनेरी झाली.

"हे पाहा," भाऊ कुजबुजले.

त्या वाफेतून मुलीचे वडील हातात ताट घेऊन चालत गेले. ताट भरलेलं होतं, वरपक्षातल्या थोरल्यांसाठी पहिलं वाढून घेतलेलं. ते मोठेबाबांच्या मागं जाऊन उभे राहिले आणि तसेच थांबले. बोलले नाहीत. मोठेबाबांचे खांदे हलत होते. त्यांनी उपरणं तोंडाला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. वडील त्यांच्या पाठीमागं ताट धरून उभे. मंगलाष्टकं संपली, टाळ्या वाजल्या, तरी ते उभेच. मग त्यांनी ताट अलगद शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं, एक पाऊल मागं आले, आणखी एकदा पाहिलं आणि निघून गेले.

थोड्या वेळानं एक पाहुणा आला. त्यानं ताट पाहिलं. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग ताट उचललं, खुर्ची आडवी फिरवून बसला, ताट मांडीवर घेतलं आणि जेवायला लागला.

मोठेबाबांनी डोळे पुसून मान वळवली. शेजारी माणूस जेवत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, उठले आणि मांडवाच्या बाहेर चालू लागले. पाहुण्याचं लक्ष नव्हतं.

मोठेबाबा म्हणाले, "मांगं घ्या."

मी मागं घेतलं. पुन्हा वाफ, पुन्हा ताट, पुन्हा ते उभं राहणं.

"तुमी बोलले काहून नाई?" मोठेबाबांनी दाराकडे न वळता विचारलं.

"तुमी रडून राह्यले व्हते," वडील म्हणाले.

"मी नाई रडलो."

"दिसते ना," भाऊ म्हणाले. "उजेड मांगून हाये. खांदे साफ दिसतात."

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंना ते कळलं नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, हे तुमी घरी काहून नाई सांगतलं? इतके दिवस झाले."

"कसं सांगू? त्याईचं थे... चार लोकाईत सांगाची गोष्ट नाई माय."

मोठेबाबा पडद्याकडेच पाहत बसले. मग म्हणाले, "पोरगं माह्याजवळ झोपत व्हतं. अंतरपाट धरला तवा वाटलं, आता नाई झोपणार." नवरदेव तीस वर्षांचा बाप्या, तो तोंड फिरवून लॅमिनेशनचे नमुने पाहायला लागला.

"तो जेवणारा कोन हाये?" मोठेबाबांनी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. नवरीकडच्यांना वाटत होतं नवरदेवाकडचा, नवरदेवाकडच्यांना वाटत होतं नवरीकडचा.

दोन दिवसांनी मोठेबाबा स्वतः जीप करून आसेगावला गेले, तिथं जेवले आणि सुनेला घेऊन आले. भाऊंनी मला विचारलं, "वाफेबद्दल कोणी काही बोल्लं का?" मी म्हटलं, नाही.

ही गोष्ट रिसोडभर झाली आणि त्याचा परिणाम असा झाला की भाऊंचं काम वाढलं. लोक येऊन सांगायचे, "भाऊ, तुमचा एक कॅमेरा मांगं लावून ठेवजा. मानपानाचं भांडण झालं तं कामी येते." एकानं भाड्याचे वेगळे पैसे देऊ केले, फक्त त्या मागच्या कॅमेऱ्याचे. वहिनी खुश होत्या. भाऊ प्रत्येक बुकिंगला "हाव" म्हणायचे आणि गिऱ्हाईक गेल्यावर खुर्चीत खचून बसायचे.

"हे मले सीसीटीव्ही करून राह्यले," ते एकदा मला म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण पुठ्ठा त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवला होता, आणि तो काही दिवस तिथंच पडून राहिला.

पण मला भाऊ आठवतात ते त्याच्याही आधीचे. सून घरी आली त्या आठवड्यातले. मोठेबाबा दुपारी एकटेच दुकानात आले. वहिनी जेवायला घरी गेल्या होत्या. ते बसले, पाणी प्यायले, बाजारभावाचं बोलले. मग म्हणाले, "कॅसेट तयार व्हाची हाये ना अजून?"

"हाव."

"त्यातलं माहं थे काढून टाका. सोयरे पाहतीन, बायका पाहतीन, शेजारचे येतीन. मले तसं पाह्याले नको कोनी."

मी भाऊंकडे पाहिलं. लग्नाच्या व्हिडिओतला हलणारा पडदाही ते मला कापू देत नसत. त्या दिवशी ते काही वाद घालतील, अंधार, उजेड, तिकडचे लोक, असं काही सांगतील, असं मला वाटलं. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. पडद्यावर काही नव्हतं, कॉम्प्युटर झोपला होता.

"काढ," ते मला म्हणाले.

"कुठून?"

"खुर्चीत बसतात तथून. उठून जातात तथपर्यंत."

"भाऊ, वाफ त्यातच आहे."

"मले माहीत हाये."

मी तो तुकडा कापला. भाऊ बाजूला उभे राहून पाहत होते. पुसून टाकू का विचारलं, तर मोठेबाबांकडे बोट करून म्हणाले, "त्याईच्या सामने पुसून टाक." मी पुसलं. मोठेबाबांनी मान हलवली.

आता पडद्यावर उरलं होतं ते त्यानंतरचं. वाफ विरलेली, चौकट पुन्हा साधी. रांगेच्या टोकाला एक रिकामी खुर्ची आणि तिच्या शेजारी तो पाहुणा, मांडीवर ताट घेऊन जेवत असलेला.

"याचंही काढू?" मी विचारलं.

मोठेबाबा पुढं वाकून पाहत होते. "राहू दे त्याले," ते म्हणाले. "जेवून राह्यला तो."

भाऊंनी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसले. पाहुणा निवांत जेवत होता. त्यानं वरण भातावर ओतून घेतलं, पोळी मोडली, मान वर करून एकदा स्टेजकडं पाहिलं आणि पुन्हा ताटात पाहिलं. ताटातलं सगळं संपवलं त्यानं, काही टाकलं नाही. दोघं पाहत होते. शेवटी तो उठला, ताट हातात घेऊन हात धुवायला चौकटीच्या बाहेर गेला, तेव्हा, पंगतीत शेजारच्याचं होईपर्यंत थांबावं तसे बसलेले मोठेबाबाही उठले.